मेंढीच्या डोळ्यातला मणी

“तोंडाचा आ झालाय ना? मग त्यात नुसत्या माश्या जाऊ देऊ नकोस. विचार काहीतरी.”

हा तिच्या बापाचा आवाज. बाप विहिरी खणायचा. ती सात वर्षांची असताना त्यानं तिला पाटीत बसवून दोरानं तीस हात खाली सोडलं होतं, कारण त्या दिवशी खडकाला पाझर फुटला होता. काळ्या दगडाला घाम सुटावा तसं पाणी बाहेर येत होतं, आणि ती श्वास विसरून बघत उभी राहिली होती. बाप असं म्हणाला तेव्हा तिनं विचारलं, “बाबा, इतके दिवस हे पाणी अंधारात काय करत होतं?” बाप एवढा हसला की अख्खी विहीर हसली. “उद्या सांगतो,” म्हणाला. दुसऱ्या दिवशी कड ढासळली. बाप खाली राहिला, उत्तर त्याच्यापाशी राहिलं, आणि पोर तेवढी विचारायची खोड घेऊन वर उरली.

ती खोड घेऊनच ती खाटकाच्या घरात धाकटी सून म्हणून आली.

घरात माणसं चार. सासरा, थोरला दीर, नवरा आणि ती. थोरल्याचं लग्न दोनदा ठरलं आणि दोनदा मोडलं. रक्ताचा वास त्याच्या अंगाला नसून बोलण्याला आहे, असं मुलीकडचे म्हणत. घराच्या मागच्या दाराला लागूनच पत्र्याची शेड. जमिनीत उतरती मोरी, आढ्याला सात आकडे, मधे लाकडाचा ओंडका, वर्षानुवर्षांच्या घावांनी मध्यभागी खोलगट झालेला. कोपऱ्यात सिमेंटची टाकी. टाकीपाशी तिची जागा. मुंड्या, खूर, आतडी साफ करणं तिचं काम. हात दिवसभर गार पाण्यात, आणि त्या पाण्याचा रंग सकाळी गुलाबी, दुपारपर्यंत विटकरी.

सासऱ्याच्या सुरीचं नाव चार गावं घेत. “मेंढीला कळायच्या आत उरकतो,” असं लोक म्हणत, आणि शेडच्या दाराशी नुसते बघायला उभे राहत. एक हात गळ्यावर, एक झटका, की संपलं. कोणी विचारत नसे की हे कसं जमतं. पोरं तर त्याच्यासमोर डोळेही वर करत नसत. धाकानं तोंड मिटतं, नवलानं उघडतं; त्या घरात सगळी तोंडं मिटलेली होती. एकटी ही उघड्या तोंडाची. म्हणून सासऱ्यानं तिचं नाव ठेवलं माशी. “मुंडीवरून उठत नाही ती,” म्हणायचा. “अगं माशे, मेलेलं आहे ते. तुझ्याशी बोलणार नाही.”

त्या उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणांना आग लागली. तीन दिवस जळत होती. चौथ्या दिवसापासून मेंढपाळ कळपच्या कळप खाली आणायला लागले. चारायला काही उरलं नाही, तर जनावर ठेवून करायचं काय? एरवी शेडमध्ये दिवसाला पाच-सहा जनावरं पडत. आता चाळीस पडायला लागली. आणि नुसती कोवळी नव्हेत. लोकरीसाठी, पिलांसाठी बारा-बारा वर्षं सांभाळलेल्या म्हाताऱ्या मेंढ्या, ज्यांना एरवी कोणी सुरी लावली नसती, त्याही आल्या. केस करपलेल्या, खुरांना फोड आलेल्या, धुरानं खोकणाऱ्या. दिवसभर ओरडणं, पाडणं, सोलणं. थोरला पाय धरी, सासरा कापी, नवरा सोली. मोरी तुंबायची, मग रक्त घोट्यापर्यंत यायचं आणि थोरला म्हणायचा, “चला, पाऊस पडला एकदाचा.” 

आठव्या दिवशी कातडीवाला आला. त्यानं ढिगातलं एक कातडं ओढलं, उन्हाकडे धरलं. मानेच्या जागी दोन भोकं. दुसरं ओढलं, खांद्याला लांब चीर.

“उस्ताद,” तो सासऱ्याला म्हणाला, “कातडं देताय की चाळणी? याचं मी जोडे करू का पीठ चाळू?”

दारातली माणसं हसली. सासऱ्याची मान लाल झाली.

“माझ्या हातचं नाही ते. सोलताना झालंय.”

“मानेवर सोलताना?” कातडीवाला म्हणाला. “बरं बाबा. तुमची शेड, तुमचं तोंड. पण पुढच्या सोमवारी असंच असलं तर मी पलीकडच्या गावातल्याकडून घेईन. आणि मेंढपाळही तिकडेच वळतील, सांगून ठेवतो.”

तो वळला तसा सासऱ्यानं ते ओलं, जड कातडं उचललं आणि धाकट्याच्या तोंडावर मारलं. एकदा, दोनदा, मग मोजणं सुटलं. ओल्या कातड्याचा आवाज धोब्याच्या दगडासारखा. धाकट्यानं हात वर केले नाहीत. नाकातून रक्त आलं ते मेंढीच्या रक्तात कुठे मिसळलं कळलंही नाही.

“हात हलतो तुझा!” सासरा ओरडत होता. “बायकोच्या पदराला धरून सोलतोस काय?”

टाकीपाशी तिनं पाहिलं. नवऱ्याचा हात हलत नव्हता, हे तिला माहीत होतं. त्यानं सोललेलं पोट, पाठ, सगळं काचेसारखं निघत होतं. चिरा होत्या त्या फक्त मानेला, आणि तिथून खांद्यावर घसरलेल्या. मानेवर फक्त एकाची सुरी चालायची.

ती पुन्हा मुंड्यांकडे वळली. त्या घरात बोललेलं उलटून अंगावर यायचं.

त्याच दुपारी ते घडलं. एका मुंडीवर सत्तूर मारताना घाव तिरका बसला, डोळा फुटला, आणि त्यातून काहीतरी टुणकन उडून शेजारच्या कागदावर पडलं. मटण गुंडाळायला आणलेल्या रद्दीचा कागद तो. वाटाण्याएवढा मणी. नितळ, पाण्याच्या थेंबाला कोणी पातळ साल चढवावी असा. ती पुसायला वाकली आणि थांबली. मण्याखालचं अक्षर फुगलं होतं. शेजारची अक्षरं मुंगीएवढी, आणि मण्याखालचं एक पोट सुटल्यासारखं, मोठं, काळंकुट्ट.

तिनं मणी सरकवला. दुसरं अक्षर फुगलं. पहिलं पुन्हा मुंगी.

तिनं तो दोन बोटांच्या चिमटीत धरून उजेडाकडे उचलला, हात लांब केला, आणि त्यात शेड होती. सगळी शेड, पत्रा, आकडे, दार, वाटाण्याएवढ्या जागेत, आणि उलटी. सासरा, थोरला, नवरा डोकं खाली करून छताला लोंबकळत होते. आणि आकड्यांना टांगलेल्या मेंढ्या, सोललेल्या, बिनमुंडीच्या, त्या मात्र सरळ उभ्या होत्या. पायांवर. चरायला निघाल्यासारख्या.

तिचं तोंड उघडं पडलं. विहिरीत पाझर बघताना पडलं होतं तसं. ती स्वतः एवढीशी झाली, आणि जग एवढंसं असून केवढं तरी झालं. हे त्या बिचाऱ्या जनावराच्या डोक्यात होतं? जन्मभर? आणि तिनं हजारो मुंड्या फोडल्या, फेकल्या, कुत्र्यांना घातल्या.

बाप काय म्हणाला असता, ते तिला ऐकू आलं. मग तिनं विचारलं. मेंढीलाच विचारलं, सुरीनं.

त्या दिवसापासून रोज चार-पाच डोळे ती बाजूला काढायची. टाकीच्या आड पाठ करून बसायची. बाहेरचं कवच चिवट, कापताना सुरी निसटायची. आत पाणी, मग मणी, मग नितळ खळीसारखं काही. आणि अगदी मागे, भिंतीला, निळा-हिरवा चमकता पडदा, मोराच्या पिसासारखा. त्या रक्तामांसाच्या शेडमध्ये एवढा सुंदर रंग दुसरा नव्हता. का असेल तो? कोणासाठी? आतडी धुता धुता ती गुणगुणायची,

डोळ्याच्या डबीमधे मणी ठेविला गं कुणी
बघणारी गेली दूर, मागे राहिली राखणी

“माशी गाते,” थोरला म्हणायचा. “मुंड्यांना झोपवते बहुतेक.”

मग एके दिवशी एक मणी पांढरा निघाला. उकडलेल्या अंड्यासारखा, आणि बोटाला टणक. कागदावर ठेवला तर खाली अक्षर फुगेना, अक्षरच दिसेना. मुंडी म्हाताऱ्या मेंढीची होती. तिला आठवलं, सकाळी आत येताना एक म्हातारी मेंढी दाराच्या खांबावर आपटली होती, आणि थोरला म्हणाला होता, “ही पिऊन आलीय.”

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी दाराशी उभी राहू लागली. पाणी पाजायचं निमित्त. म्हाताऱ्या मेंढ्यांच्या डोळ्यांपुढे हळूच हात हलवायचा; जी दचकणार नाही तिच्या शिंगाला सुतळीचा तुकडा बांधायचा. दुपारी सुतळीच्या मुंड्या वेगळ्या काढायच्या. अकरा मुंड्या झाल्या. नऊंचे मणी पांढरे. दोघींचे नितळ निघाले, त्या का आंधळ्या होत्या ते काही तिला कळलं नाही, आणि ते न कळणं दोन दिवस दाताखालच्या खड्यासारखं सलत राहिलं. पण नऊ. नऊ म्हणजे काही गंमत नव्हे.

आणि हे मनात घोळत असताना तिनं सासऱ्याला पाणी दिलं. तो दारात उन्हात बसला होता. तांब्या पुढे केला तर त्याचा हात तांब्याच्या वितभर डावीकडे गेला, मग चाचपत आला. तिनं वाकून पाहिलं. त्याच्या बुबुळात, काळ्याच्या मधोमध, राख होती.

मग तिला सगळं एकामागून एक दिसत गेलं. तो सुरी लावण्याआधी मानेवर तीन बोटं फिरवतो. जनावरं हात लावून मोजतो. उंबऱ्याला आधी पायाचा अंगठा लागतो, मग पाय उचलतो. माणसाला आवाजावरून ओळखतो आणि आधी ओरडतो, म्हणजे समोरच्याला बोलावंच लागतं.

तिनं नवऱ्याला सांगितलं. तो सुतळी वळत बसला होता. मारानं गालाला आलेली सूज अजून उतरली नव्हती.

“अहो, मामंजींना दिसत नाही.”

“काय?”

“मेंढ्यांचं होतं ना, तसं झालंय. आतला मणी पांढरा होतो. मी फोडून बघितलंय. अकरा...”

त्याचा हात उठला कधी आणि बसला कधी, तिला कळलं नाही. कानात शिट्टी वाजली.

“माझ्या बापाला मेंढी म्हणतेस?”

“तुमच्या बापानं तुम्हाला चूक नसताना मारलं, ते चालतं?”

“तो बाप आहे!” नवरा म्हणाला, आणि मग स्वतःच्या हाताकडे बघत राहिला, जणू तो दुसऱ्याचा हात होता.

शनिवार उजाडला. सोमवारी कातडीवाला यायचा होता. सकाळपासून सासऱ्यानं सतरा जनावरं कापली. एक पहिल्या झटक्यात गेलं नाही. अर्धी मान घेऊन ती मेंढी उठली, शेडभर धावली, भिंतीवर, माणसांवर रक्ताच्या चिळकांड्या उडवत, आणि टाकीपाशी येऊन सुनेच्याच पायात पडली. दारातली माणसं या वेळी हसली नाहीत. एक म्हातारा मेंढपाळ पुढे आला, त्यानं स्वतःच्या सुरीनं त्या मेंढीची सुटका केली, आणि आपली राहिलेली बावीस जनावरं मुकाट्यानं वळवून घेऊन गेला.

सासऱ्याला कोणावर तरी राग काढायचा होता. आणि नेमका थोरला टाकीमागे पाय घसरून पडला आणि त्याला मडकं सापडलं. मडक्यात डोळे.

“बाबा! ही बघा काय करते! डोळे साठवते. म्हणून सुरी चालत नाही आपली. हिच्या नजरेखाली जनावर तडफडतं.”

त्यानं मडकं ओंडक्यावर आपटलं. डोळे चहूकडे गडगडले. सासरा पुढे आला. आवाजाच्या रोखानं त्यानं तिचे केस पकडले आणि तिला ओंडक्यावर वाकवलं.

“डोळे पाहिजेत तुला? कशाला पाहिजेत? बोल!”

“बघायला,” ती म्हणाली.

“माझ्या शेडमध्ये बघायचं काम माझं!” त्यानं तिचा डावा हात मनगटाला धरून ओंडक्यावर दाबला आणि दुसऱ्या हातानं सत्तूर उचलला. “पुन्हा या बोटांनी डोळ्याला हात लावलास...”

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिथे तोडायचा इरादा नव्हता. घाव शेजारच्या लाकडात घालून तिला थरथरवायचं, एवढंच. असं त्यानं पोरांनाही लहानपणी केलं होतं, नवऱ्यानं सांगितलं होतं. पण त्याची नजर तिच्या बोटांवर नव्हतीच. ती ओंडक्याच्या पलीकडे कुठेतरी होती.

“मामंजी, हात—”

सत्तूर पडला.

आधी दुखलं नाही. ओंडक्याच्या खोलगट भागात तिची करंगळी पडली होती, मेंढीच्या डोळ्यांच्या शेजारी. कापलेल्या तोंडाशी पांढरा दोरा दिसत होता. तिनं तो ओळखला. मेंढीच्या खुरात जातो तोच दोरा, जो ओढला की खूर वळतो. म्हणजे आपल्यातही, असं तिच्या मनात आलं, आणि मग दुखणं आलं, आणि ती ओंडक्याखाली कोसळली.

शुद्धीवर आली तेव्हा नवरा तिचा हात आपल्या सदऱ्यात आवळून बसला होता. दवाखान्यातून आणलेल्या नर्सनं टाके घातले, आणि घालताना सासऱ्याकडे बघून म्हणाली, “जनावरांवर भागत नाही वाटतं आताशा.”

सासरा भिंतीला टेकून उभा होता. त्यानं मान ताठ ठेवली.

“तिनं चूक केली, शिक्षा दिली,” तो म्हणाला. “घर माझं आहे.”

ते ऐकताना थोरल्यानंही मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी ती अंथरुणावरून उठली. हातात ठणका, अंगात कणकण. फुटलेल्या मडक्यातले डोळे कोणी झाडून फेकले होते, पण ओंडक्याच्या भेगेत तिला एक पांढरा मणी सापडला. टाकीतल्या मुंडीतून तिनं उजव्या हातानं एक नितळ मणी काढला. सासरा शेडमध्ये पायरीवर एकटा बसला होता. समोर आकडे रिकामे. बाहेर एकही जनावर नव्हतं.

“मामंजी.”

“आता काय? दुसरी करंगळी आणलीस?”

तिनं त्याचा तळवा उघडून एक मणी ठेवला. “हा दाबा.”

त्यानं दाबला, का कोण जाणे. कदाचित तिच्या आवाजात रडणं नव्हतं म्हणून.

“मऊ आहे.”

“आता हा.”

“कडक आहे. गारगोटी आहे का?”

“म्हाताऱ्या मेंढीच्या डोळ्यातला आहे. ती दारावर आपटली होती. पहिल्यातून दिसतं. या दुसऱ्यातून दिसत नाही. मेंढीची काही चूक नसते. शापही नसतो. पिकतो तो, इतकंच. नर्सबाईला मी विचारलं, माणसाचाही पिकतो म्हणे, आणि शहरात काढतात. पण आधी माणसानं सांगावं लागतं.”

सासऱ्यानं मूठ मिटली. 

“माझे डोळे,” तो हळू म्हणाला, “या अख्ख्या गावात सगळ्यात चांगले आहेत. जा.”

तेवढ्यात शेडच्या दारातून नवरा आला. हातात आकडा. आढ्यावरून काढलेला लोखंडी आकडा, हातभर लांब. रात्रभर तो झोपला नव्हता. त्याच्यामागे थोरला, “अरे, वेडा आहेस का, अरे” करत.

“बाबा, उठा.”

सासरा उठला. आवाज आला त्या दाराकडे तोंड करून उभा राहिला.

“एकच विचारतो,” नवरा म्हणाला. “मुद्दाम तोडलीत का?”

“हो.”

“सरळ सांगा. माझ्या बायकोचं बोट. घाव शेजारी घालायचा होता ना? हात सटकला असेल. म्हणा सटकला. तेवढं म्हणा, मी आकडा ठेवतो.”

“माझा हात सटकत नाही. मुद्दाम तोडलं.”

नवरा पुढे निघाला. चपला दाराशीच राहिल्या होत्या. ओल्या फरशीवर अनवाणी पावलं वाजली नाहीत. तो बापाच्या डाव्या अंगाला आला, अगदी जवळ, आणि त्यानं आकडा डोक्याच्या वर उचलला. टोक बापाच्या कानशिलापासून हातभर. सासरा अजून रिकाम्या दाराशीच बोलत होता.

“बघतोस काय असा?” तो दाराला म्हणाला. “हिंमत असेल तर ये जवळ. असा दारात उभा राहून बायकांसारखा...”

दारात कोणी नव्हतं. दारात फक्त ऊन होतं.

थोरल्याचा हात तोंडावर गेला. नवऱ्यानं एकदा बापाकडे पाहिलं, एकदा त्या उन्हाच्या चौकटीकडे, आणि मग तिच्याकडे. त्याच्या सुजलेल्या चेहऱ्यावर इतकं नवल होतं की त्याचं तोंड उघडंच राहिलं. आकडा त्यानं हळूहळू खाली आणला. पण तो फरशीला लागलाच, बापाच्या पायापाशी, आणि त्या एवढ्याशा आवाजानं म्हातारा जो दचकला तो भिंतीशी जाऊन आदळला. दोन्ही हात पुढे, बोटं पसरलेली, हवा चाचपत.

मोरीतून पाणी जात होतं.

“कुठे आहेस?” सासरा म्हणाला.

“इथे आहे, बाबा.”

“तू नाही. ती. पोर कुठे आहे?”

ती पुढे झाली. त्यानं चाचपत तिचा दंड धरला, मग मनगट, मग पट्टीचा गठ्ठा; आणि जिथे करंगळी असायला हवी होती त्या रिकाम्या जागेवर त्याची बोटं थांबली.

“तीन उन्हाळे झाले,” तो म्हणाला. “आधी धूर वाटायचा. मग उजेडच कमी पडायला लागला. मानेवर बोटं ठेवून कापत गेलो. लोक म्हणाले असते, आंधळा खाटीक. त्यापेक्षा वाईट खाटीक म्हणू देत, म्हटलं.” त्याचा आवाज फाटला. “मला वाटलं तुझी बोटं आत मिटलेली आहेत. लाकडात मारायचा होता मी. मला दिसलं नाही गं. मला काही दिसत नाही.”